इभ्रतीचे कर्ज : एका डच उदारमतवाद्याचा हिशेब

अब्बा हजला निघाले त्याच्या महिनाभर आधी त्यांनी एक छोटी वही केली होती. तीत गावातल्या ज्या ज्या माणसाचे काही देणे होते त्याचे नाव आणि पुढे आकडा लिहिलेला होता. किराणा दुकानदाराचे किती, खताच्या दुकानाचे किती, ट्रॅक्टरवाल्याचे किती. एका मयत सुताराचे चाळीस रुपये होते, ते त्याच्या मुलाला नेऊन दिले. मुलगा म्हणाला, "चाचा, आम्हाला तर माहीतच नव्हतं." अब्बा म्हणाले, "तुला माहीत नव्हतं, मला होतं ना."

डोक्यावर कर्ज ठेवून हजला जाऊ नये, ही समजूत आपल्या घराघरांत आहे. कर्ज फेडायचे, मग एकेकाच्या दारात जाऊन "कहा-सुना माफ करो" म्हणायचे, मग एहराम. त्या वहीतले एकेक नाव अब्बा खोडत गेले. मी त्यांच्याबरोबर पिशवी धरून फिरत होतो. ते दिवस मला अभिमानाने आठवतात. पण त्या वहीत एक नाव नव्हते, हे माझ्या लक्षात यायला पुढची वीस वर्षे गेली. त्याबद्दल शेवटी सांगतो.

ती वही आठवायला निमित्त झाले एका डच माणसाचे. नेदरलँड्सच्या राजकारणाचे नाव काढले की आपल्या लोकांना एकच चेहरा आठवतो, गीर्त विल्डर्स यांचा. इस्लामविरोध हेच ज्यांचे भांडवल, ते विल्डर्स मुळात त्या देशातल्या उदारमतवादी पक्षातूनच वर आले आणि २००४ मध्ये तिथून बाहेर पडले. त्यामुळे 'डच उदारमतवादी' म्हटले की आपल्या मनात आधीच एक अढी असते. मला ज्यांच्याबद्दल लिहायचे आहे ते त्यांच्या शंभर वर्षे आधीचे. त्यांचे नाव कॉन्राड थिओडोर फान डेव्हेंटर. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशाला, म्हणजे आजच्या इंडोनेशियाला, आपला देश पैसे देणे लागतो असे त्यांनी १८९९ मध्ये आकड्यासकट लिहिले. आणि ते लिहिले आपल्याच देशबांधवांना उद्देशून, आपल्याच भाषेत.

फान डेव्हेंटर यांचा जन्म १८५७ मध्ये डॉर्ड्रेख्त शहरात झाला. लायडन विद्यापीठातून ते कायदा शिकले. १८८० मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास पत्नीसह ते डच ईस्ट इंडीजमध्ये गेले. आधी अंबोन बेटावर न्यायालयात नोकरी केली, मग जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सेमारंग शहरात आले आणि काही वर्षांनी तिथेच वकिली सुरू केली. सेमारंग हे साखरेच्या व्यापाराचे बंदर. वकिली जोरात चालली, संपत्ती जमली. १८९७ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा उरलेले आयुष्य आरामात घालवता येईल इतके त्यांच्याकडे होते. वसाहतीत पैसा करून परत येणारे असे शेकडो लोक त्या काळात हेग शहरात राहत. बहुतेकांनी बागेत खुर्ची टाकून पेन्शनीचे दिवस काढले. यांनी हिशेबाची वही उघडली.

ती वही समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. १८३० मध्ये डच गव्हर्नर जनरल योहानेस फान डेन बोश यांनी जावामध्ये सक्तीच्या लागवडीची पद्धत सुरू केली. कागदावर नियम असा की गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाखाली आणायचा. ऊस, नीळ, कॉफी. ज्याच्याकडे जमीन नाही त्याने वर्षातले सहासष्ट दिवस सरकारी मळ्यात राबायचे. प्रत्यक्षात हा पाचवा हिस्सा कुठे तिसरा झाला, कुठे अर्धा. पिकाचा भाव सरकार ठरवणार आणि जास्त माल काढणाऱ्या अधिकाऱ्याला टक्केवारी मिळणार, मग दुसरे काय होणार? १८४० च्या दशकात चिरेबोन, देमाक, ग्रोबोगान या भागांत दुष्काळ आणि उपासमार झाली. भाताच्या खाचरांसाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावर माणसे भाताविना मेली.

हा माल अॅमस्टरडॅममध्ये विकला जाई आणि वसाहतीचा खर्च भागवून उरलेली शिल्लक दरवर्षी डच तिजोरीत जमा होई. १८३० ते १८७७ या काळात ही रक्कम ८० कोटी गिल्डरच्या वर गेली. १८५० च्या दशकात डच सरकारच्या उत्पन्नातला किमान तिसरा हिस्सा जावाच्या शेतकऱ्याच्या घामातून येत होता. त्या पैशातून नेदरलँड्सने जुनी कर्जे फेडली, करांचा बोजा हलका केला, रेल्वे बांधली. ज्यांच्या जिवावर हे झाले ते जावाचे शेतकरी जवळजवळ सगळे मुसलमान होते. त्यांना ना रूळ दिसले, ना शाळा.

डच उदारमतवाद्यांनी या पद्धतीवर टीका केली, हे खरे आहे. १८६० मध्ये 'माक्स हावेलार' ही कादंबरी आली आणि वसाहतीतला अन्याय घरोघर वाचला गेला. १८७० मध्ये उदारमतवाद्यांनी कायदा करून सक्तीची ऊस लागवड टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आणि खाजगी भांडवलाला दार उघडले. सक्तीच्या जागी बाजार आला. पण साखर कारखानदार श्रीमंत झाला आणि शेतकरी जिथे होता तिथेच राहिला. शिवाय सरकारी जुलमाविरुद्ध भाषण करणाऱ्या याच मंडळींनी संसदेत जावाची शिल्लक दरवर्षी मुकाट्याने पास केली. घरात उदार, वसाहतीत नफेखोर, असा हा दुटप्पीपणा होता. उदारमतवादाबद्दल आपल्या मनातली अढी अगदीच निराधार नाही, ती अशी.

फान डेव्हेंटर यांनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. १८९९ च्या ऑगस्टमध्ये 'डे गिड्स' या प्रतिष्ठित मासिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक 'एन एरेस्खुल्ट', म्हणजे 'इभ्रतीचे कर्ज'. जे कर्ज कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाही, ज्याची चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही, पण इभ्रतदार माणूस जे बुडवत नाही, ते इभ्रतीचे कर्ज. त्यांचा मुद्दा वकिली बाण्याचा होता. १८६४ च्या कायद्याने वसाहतीचे अंदाजपत्रक डच संसदेच्या हातात आले आणि १८६७ पासून ते अमलात आले. म्हणजे तेव्हापासून पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे लोकप्रतिनिधींना ठाऊक होते. आता राजाकडे किंवा गव्हर्नरकडे बोट दाखवता येत नाही. १८६७ नंतर जे नेले ते समजून उमजून नेले. त्याची बेरीज त्यांनी केली ती जवळजवळ १९ कोटी गिल्डर. हे पैसे परत करा, असे त्यांचे म्हणणे. भीक म्हणून नव्हे, मदत म्हणून नव्हे, परतफेड म्हणून.

साहित्याच्या मासिकात एका निवृत्त वकिलाने लिहिलेल्या लेखाने एवढी खळबळ का उडावी? कारण वसाहतीबद्दल कळवळा दाखवणारे पुष्कळ होते. गरीब बिचारे जावानीज, त्यांच्यासाठी काहीतरी केले पाहिजे, असे बोलायला काही लागत नाही. कळवळा दाखवणारा माणूस वरच राहतो आणि ज्याचा कळवळा येतो तो खाली. फान डेव्हेंटर यांनी एका शब्दाने हे नाते उलटे केले. 'कर्ज' म्हटल्याबरोबर जावाचा अनवाणी शेतकरी धनको झाला आणि हेगमधला टोपीवाला गृहस्थ ऋणको.

आपल्या वाचकांना इथे दादाभाई नौरोजी आठवतील. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकवणारे, १८९२ मध्ये ब्रिटनच्या लिबरल पक्षातर्फे संसदेत गेलेले दादाभाई त्याच काळात हिंदुस्थानातून दरवर्षी किती पैसा इंग्लंडला जातो याचा हिशेब मांडत होते. शाळेत आपण तो आर्थिक निःसारणाचा सिद्धांत म्हणून शिकलो. त्यांचे मोठे पुस्तक १९०१ मध्ये आले, म्हणजे डच लेखानंतर दोनच वर्षांनी. दोघांच्या आकडेमोडीत साम्य आहे, पण जागा वेगळी आहे. दादाभाई लुटल्या गेलेल्या घरातले होते. त्यांनी हिशेब मागितला. फान डेव्हेंटर लुटीचा माल जिथे आला त्या घरातले होते, स्वतः त्या मालावर वाढलेले होते. त्यांनी हिशेब दिला. जगात हिशेब मागणारे पुष्कळ सापडतात. न मागता हिशेब देणारे क्वचित.

लेखानंतर त्यांचे सार्वजनिक आयुष्य सुरू झाले. उदारमतवाद्यांतल्या पुरोगामी गटाने १९०१ मध्ये मुक्त विचारांच्या लोकशाहीवाद्यांचा वेगळा पक्ष काढला, त्यात ते गेले. १९०५ ते १९०९ ते कनिष्ठ सभागृहात होते, १९११ पासून वरिष्ठ सभागृहात आणि १९१३ पासून पुन्हा कनिष्ठ सभागृहात. ते कधी मंत्री झाले नाहीत. पण वसाहतीच्या प्रश्नावर त्यांच्या शब्दाला वजन होते. जावा आणि मादुरा बेटांतल्या जनतेच्या आर्थिक स्थितीचा सविस्तर आढावा लिहिण्याचे काम सरकारने त्यांना दिले आणि तो १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग त्या कर्जाचे काय झाले? इथून गोष्ट शिकण्यासारखी होते.

१९०१ च्या सप्टेंबरमध्ये राणी विल्हेल्मिना यांनी संसदेपुढच्या भाषणात जाहीर केले की इंडीजच्या जनतेबद्दल नेदरलँड्सचे नैतिक कर्तव्य आहे. जावाची परिस्थिती का खालावली याची चौकशी होईल, असेही सांगितले. या धोरणाला पुढे 'नैतिक धोरण' असे नाव पडले. सत्तेवर तेव्हा ख्रिस्ती पक्षांचे सरकार होते आणि त्यांची कल्पना पालकत्वाची होती. अज्ञान लेकराचा सांभाळ वडीलधाऱ्याने करावा, तशी. भाषणात ख्रिस्ती राष्ट्र म्हणून असलेल्या जबाबदारीचाही उल्लेख होता. बारकाईने पाहा, दोन वर्षांत शब्द बदलला होता. १८९९ मध्ये 'कर्ज' होते, १९०१ मध्ये 'कर्तव्य' झाले. कर्जाला आकडा असतो, मुदत असते आणि ते घ्यायला दारात उभा राहणारा माणूस असतो. कर्तव्याला यातले काहीच नसते. ते किती करायचे हे करणाराच ठरवतो, आणि वर आभारही त्यालाच मानायचे.

पैसे अगदीच दिले नाहीत असे नाही. १९०५ च्या सुमारास वसाहतीच्या डोक्यावरच्या कर्जापैकी ४ कोटी गिल्डरचा भार डच सरकारने उचलला. मागितलेल्या १९ कोटींपुढे ४ कोटी. बाकीच्याचे पुढे नाव निघाले नाही. सिंचन, शिक्षण आणि स्थलांतर अशी फान डेव्हेंटर यांची त्रिसूत्री होती, तिच्यावर कामे सुरू झाली. कालवे झाले, पण पाण्यावर उसाचा डोळा होताच. गर्दीच्या जावामधून लोकांना सुमात्राच्या लांपुंग भागात वसवण्याचा पहिला प्रयोग १९०५ मध्ये झाला, तो गर्दी कमी करण्याच्या दृष्टीने थेंबभरच होता. शाळा वाढल्या, तरी १९३० च्या जनगणनेत साक्षरता ७ टक्क्यांच्या आसपासच होती. आणि याच 'नैतिक' वर्षांत अचेहमधले युद्ध चालू होते. १८७३ मध्ये सुरू झालेल्या त्या युद्धात गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. एका हाताने शाळा, दुसऱ्या हाताने बंदूक.

तरीही शाळांच्या बाबतीत फान डेव्हेंटर यांचे एक काम टिकले, आणि ते आपल्या वाचकांनी माहीत करून घ्यावे असे आहे. जावामधल्या जेपारा गावात १८७९ मध्ये कार्तिनी नावाची मुलगी जन्मली. वडील तिथले मोठे देशी अधिकारी. बारा वर्षांची होईपर्यंत तिला डच शाळेत जाऊ दिले, मग रिवाजाप्रमाणे घरात बसवले. घरात बसून तिने डच मैत्रिणींना पत्रे लिहिली. मुलींच्या शिक्षणाबद्दल, बहुपत्नीत्वाबद्दल. कुरआन अरबीत पाठ करून घेतात पण त्याचा अर्थ कोणी सांगत नाही, मग मी त्याप्रमाणे वागावे तरी कसे, असाही तिचा प्रश्न होता. आपल्याकडे मराठी भाषांतर हातात घेऊन पहिल्यांदा कुरआन समजून वाचणाऱ्या कितीतरी मुलींनी हाच प्रश्न विचारलेला आहे. कार्तिनी १९०४ मध्ये बाळंतपणानंतर चार दिवसांत वारली. वय अवघे पंचवीस. तिची पत्रे १९११ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती वाचून भारावलेल्यांत फान डेव्हेंटर पतिपत्नी होते. १९१३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने हेगमध्ये कार्तिनी फंड उभा राहिला आणि सेमारंगमध्ये जावानीज मुलींसाठी पहिली कार्तिनी शाळा निघाली. पुढे इतर शहरांतही निघाल्या. या दांपत्याच्या नावाची संस्था इंडोनेशियातल्या विद्यार्थ्यांना आजही शिष्यवृत्त्या देते.

एवढे सांगितल्यावर त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा लेख आरती होईल. इंडोनेशिया स्वतंत्र व्हावा असे फान डेव्हेंटर यांना कधी वाटले नाही. १९०८ मध्ये बुदी उतोमो ही सुशिक्षित जावानीजांची पहिली संघटना निघाली, तिचे त्यांनी मनापासून स्वागत केले. पण त्यांच्या डोळ्यांपुढचे चित्र होते ते शिकूनसवरून डच झेंड्याखाली कृतज्ञतेने राहणाऱ्या प्रजेचे. कर्जदाराने धनकोच्या घरातच मुक्काम ठोकलेला असताना परतफेडीची भाषा किती खरी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. तो विचारला जावानीजांनी. १९१३ मध्ये नेपोलियनच्या जोखडातून सुटल्याची शताब्दी डच लोक साजरी करत होते आणि त्यासाठी इंडीजमध्येही वर्गणी गोळा होत होती. तेव्हा सुवार्दी सूर्यनिंग्रात या तरुण पत्रकाराने 'मी डच असतो तर' असा लेख लिहिला. मी डच असतो तर ज्यांचे स्वातंत्र्य मी हिरावले आहे त्यांच्याकडून माझ्या स्वातंत्र्याच्या जल्लोषासाठी पैसे मागायला मला लाज वाटली असती, असा त्याचा आशय. नैतिक धोरणाच्या सरकारने त्याला हद्दपार केले.

मला आणखी एक गोष्ट खटकते. हिशेब १८६७ पासूनच का? त्याआधीची सदतीस वर्षे, ज्यांत दुष्काळ पडले आणि सर्वांत जास्त पैसा गेला, ती का सोडली? त्यांचे उत्तर कायद्याचे होते, त्याआधी संसद जबाबदार नव्हती. वकील म्हणून ठीक आहे. पण कर्ज माफ करण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याचा असतो. कर्जदार स्वतःच बसून इतके धरतो आणि इतके सोडतो असे म्हणू शकत नाही. जावाच्या एकाही शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते.

फान डेव्हेंटर १९१५ च्या सप्टेंबरमध्ये वारले. त्यांच्या हिशेबाचा शेवट मात्र १९४९ मध्ये झाला, आणि तो वाचून माणूस सुन्न होतो. जपानी ताब्यानंतर १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. डचांनी ते मानले नाही आणि चार वर्षे युद्ध केले. अखेर १९४९ मध्ये हेगमध्ये गोलमेज परिषद बसली. इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाच्या शिष्टमंडळाचे नेते होते मोहम्मद हट्टा, रॉटरडॅममध्ये अर्थशास्त्र शिकलेले. म्हणजे नैतिक धोरणाच्या काळात वर आलेल्या पिढीतले. तिथे टेबलावर कर्जाचा विषय आला, पण कोणाचे कर्ज? डच पक्षाने इंडीज सरकारचे सगळे कर्ज नव्या देशाच्या माथी मारले. मूळ मागणी ६ अब्ज गिल्डरच्या वर होती आणि तीत इंडोनेशियाविरुद्धच्या लष्करी मोहिमांचा खर्चसुद्धा धरला होता. म्हणजे ज्या गोळीने तुमचा भाऊ मारला तिची किंमत तुम्हीच द्या. घासाघीस होऊन ४ अब्जांहून अधिक गिल्डरचे कर्ज इंडोनेशियाने पत्करले, तेव्हा २७ डिसेंबर १९४९ रोजी सत्ता हाती आली. १९५६ मध्ये इंडोनेशियाने उरलेले कर्ज नाकारले.

पन्नास वर्षांत वही अशी उलटी झाली. १८९९ मध्ये नेदरलँड्स कर्जदार होता, १९४९ मध्ये तोच सावकार झाला. मधल्या काळात जे झाले ते एका शब्दाच्या बदलाने झाले असे मी म्हणणार नाही, मध्ये दोन महायुद्धे होऊन गेली. पण 'कर्ज' हा शब्द टिकला असता, दरवर्षी संसदेत कोणी उठून विचारले असते की १९ कोटींतले किती फेडले, तर १९४९ मध्ये ही मागणी करायला जीभ थोडी तरी अडखळली असती.

गेल्या काही वर्षांत डच राज्याकडून माफीचे शब्द येऊ लागले आहेत. जावामधल्या रावागेदे गावात डिसेंबर १९४७ मध्ये डच सैनिकांनी गावातल्या पुरुषांना उभे करून मारले होते. २०११ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्यांच्या विधवांच्या बाजूने निकाल दिला आणि प्रत्येकीला २० हजार युरो मिळाले. मार्च २०२० मध्ये राजा विलेम-अलेक्झांडर यांनी इंडोनेशियाच्या भूमीवर माफी मागितली. फेब्रुवारी २०२२ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांनी, तेही उदारमतवादी पक्षाचेच, स्वातंत्र्ययुद्धातल्या अमानुष हिंसेबद्दल माफी मागितली. माफी मागणे सोपे नसते, तिची किंमत आहेच. पण रावागेदेच्या विधवांना पैसे मिळाले ते कोर्टाने कर्ज ठरवले म्हणून. बाकी पुष्कळ ठिकाणी शब्दांवर भागले.

हे सगळे वाचून आपल्याला काय करायचे? मुसलमान वाचकाला यातून एक आयता निष्कर्ष काढता येतो. पाहा, पाश्चात्त्यांनी मुस्लिम देशांना कसे लुटले. तो खोटा नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर फान डेव्हेंटर आपल्याला कळलेच नाहीत. दुसऱ्याच्या वहीतली थकबाकी वाचून दाखवण्यात त्यांनी आयुष्य घालवले नाही. इंग्रजांनी हिंदुस्थानात काय केले हे लिहून त्यांना घरात टाळ्या मिळाल्या असत्या. त्यांनी स्वतःच्या घराची वही काढली. म्हणून आपणही तीच काढू.

आपल्या घरांत 'हक्कसोडपत्र' नावाचा एक कागद असतो. बाप मरतो, सातबाऱ्यावर वारसांची नावे लागायची वेळ येते, भाऊ बहिणीला तालुक्याला घेऊन जातात, हॉटेलात चहा-भजी देतात, आणि ती अंगठा उठवून येते. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा. कर्ज आणि वसियत फेडून झाल्यावर तो द्यायचा आहे आणि तो अल्लाहने फर्ज केलेला आहे. मुलाला दुप्पट का, यावर आपण तासन्‌तास भाषण देतो. निम्मा तरी दिला का, हे विचारले की सभा उठते. मग त्या बहिणीला दर ईदला साडी जाते, तिच्या मुलीच्या लग्नात भाऊ भांडी देतो, आणि गावात म्हणतात, भाऊ फार करतो हो बहिणीचे. कर्जाचे कर्तव्य झाले, कर्तव्याचे उपकार झाले. हेगमध्ये जे झाले ते आमच्या ओसरीवर रोज होते.

अब्बांच्या वहीत जे नाव नव्हते ते माझ्या फुफीचे. नऊ एकर जमीन, दोन भाऊ, एक बहीण. तिने हक्कसोडपत्र करून दिले तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. हजच्या आधी अब्बा तिच्या गावी गेले तेव्हा मी बरोबर होतो. अब्बा म्हणाले, "आपा, कहा-सुना माफ करो." ती रडली आणि म्हणाली, "माफ है रे, खैर से जा, खैर से आ." अब्बा प्रामाणिक माणूस होते. मयत सुताराचे चाळीस रुपये ज्यांना आठवले, त्यांना बहिणीची जमीन आठवू नये, यात लबाडी नव्हती. ते देणे आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. कागद झाला होता ना. फुफीने माफ केले म्हणाल, तर तिला कोणी आधी आकडा सांगितला होता का? देणे किती आहे हे कळल्यावर केलेली माफी ती माफी.

आता अब्बा नाहीत, फुफीही नाही. जमीन माझ्या, माझ्या भावाच्या आणि चुलतभावांच्या नावावर आहे. फुफीची दोन मुले पुण्यात भाड्याच्या घरात राहतात. दोन भाऊ आणि एक बहीण म्हणजे पाचवा हिस्सा, नऊ एकरांतले एक एकर बत्तीस गुंठे. जावामध्ये डचांनी कागदावर लिहिला होता तोही पाचवाच हिस्सा. मागच्या रमजानमध्ये मी हा आकडा कागदावर लिहून भावांपुढे ठेवला. एकजण हसला, एकजण म्हणाला की त्यांनी कधी मागितले का. दुसऱ्याची वही वाचणे किती सोपे असते ते मला त्या दिवशी कळले. अजून काही ठरलेले नाही. पण आकडा आता घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि मी फुफीच्या मुलांना फोन करून तोही सांगितला आहे.